उतार

गोटी हिरवी. आर्वोच्या कोटाच्या खिशात
ती कशी आली, त्यालाही सांगता आलं नसतं.
न्हाणीघराच्या नव्या फरशीवर त्यानं ती ठेवली
आणि हिल्क्काला हाक मारली : बघ.
गोटी जाळीकडे जायला हवी होती.
ती दाराकडे निघाली, सावकाश,
पाहुण्यांना पोचवायला निघालेल्या यजमानासारखी.

घर ताब्यात घेतलं तो नोव्हेंबर.
ओउलूत दुपारी चारलाच काळोख,
दिव्यांच्या वायरी अजून छतातून लोंबत होत्या.
बिल्डरच्या माणसानं मोबाइलच्या उजेडात दाखवलं
सही कुठे करायची ते.
उजेडाच्या त्या गोलात कागद मावला,
फरशी मावली नाही.

मग हिवाळाभर सौना तापला, वाफ झाली,
अंघोळी झाल्या, आणि पाण्यानं आपला रस्ता धरला.
वळणाचं पाणी वळणालाच जायचं :
उंबऱ्याखालून, पॅसेजच्या लाकडी जमिनीत,
आणि तिथं गप्प बसून राहिलं.

मार्चमध्ये वास आला.
हिल्क्का म्हणाली, बटाटे. आर्वो म्हणाला, बूट.
बटाटे फेकले, बूट बाल्कनीत ठेवले.
वास जागचा हलला नाही.

पहिल्या पत्राला उत्तर : आपली तक्रार नोंदवली आहे.
दुसऱ्याला : सदर उतार निकषांत बसतो.
तिसऱ्याला : अंघोळीनंतर फरशी रबरी पुसणीनं निपटून घ्यावी.
चौथ्याला : संबंधित अधिकारी रजेवर आहेत.
तीस वर्षं टपालखात्यात पत्रं निवडलेली बाई ती,
न वाचता लिहिलेलं उत्तर
तिला पाकिटावरूनच कळायचं.
तिनं एक फाइल केली. निळी.
तारीख, फोन कुणी उचलला, काय म्हणाला,
आणि का कोण जाणे, त्या दिवशीची हवा :
उणे एकोणीस, वारा नाही.

ओल मोजायला आलेली मुलगी सव्वीसेक वर्षांची.
यंत्र भिंतीला लावताच टिटवीसारखं ओरडलं.
आर्वो हसला. हिल्क्का हसली नाही,
तिनं आकडा लिहून घेतला.
टिटवी समुद्र आटवते म्हणतात.
कुठून तरी सुरुवात करत असेल ना तीही?

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
पण या कोर्टाला पायरी नव्हतीच,
चाकांच्या खुर्च्यांसाठी केलेला सिमेंटचा उतार होता,
आणि आर्वो त्याच्यावरच खोळंबून राहिला.
लोकांच्या बुटांवरचा बर्फ वितळून
निमूट, एका रेषेत, जाळीत जात होता.
‘म्हणजे येतं त्यांना,’ तो म्हणाला.
हिल्क्कानं त्याला बाहीला धरून आत नेलं.

आत सगळे सभ्य होते. बिल्डरच्या वकिलानं
स्वतःच्या जगमधलं पाणी हिल्क्काला ओतून दिलं.
मग विचारलं, पुसणी रोज वापरत होतात का?
रविवारीसुद्धा?
मग घराचं मोल किती घटलं यावर तासभर गेला.
मोल म्हणजे त्यांच्या भाषेत आर्वो.
दर वेळी शब्द आला की म्हातारा मान वर करी.
आर्वो कमी झालं आहे, एक जण म्हणे.
आर्वोला काहीही झालेलं नाही, दुसरा.
न्यायाधीशबाईंनी दोनदा चष्मा पुसला.

निकाल अकरा महिन्यांनी. मागितलं त्याच्या निम्मं,
त्यातलं निम्मं वकिलाला.
तोवर कंपनीची पाटी बदलली होती,
पाटीखालची गाडी तीच.
उरलेल्यात फरशी तेवढी होत होती.

मे महिन्यात फरशी उखडली.
खाली काँक्रीटवर पेन्सिलची रेघ निघाली :
कुणीतरी, कधीतरी, गुडघ्यांवर बसून
बाण काढला होता, जाळीकडे,
आणि शेजारी आकडा. बरोबर आकडा.
दोघं बराच वेळ तिथं उभे राहिले.
गवंडी म्हणाला, ओतू का?

हिल्क्कानं निळी फाइल मागवली.
तारीख लिहिली. बाण, जाळीकडे.
अधिक आठ, ढग, हलका वारा.
‘ओता,’ ती म्हणाली.